एअर फिल्टरमध्ये ऑइल सापडलं म्हणजे इंजिन गेलं असं नसतं, खर्च करण्याआधी हे तपासा

गाडी सर्व्हिसिंगला टाकलेली असते. मेकॅनिक साइड पॅनल काढतो, एअर फिल्टरच्या डब्याचं झाकण उघडतो आणि मालकाला हाक मारतो. फिल्टरची खालची कड काळी आणि ओली. डब्याच्या तळाला चहाच्या कपात उरावं तेवढं ऑइल. मग पुढचं वाक्य येतं, "दादा, रिंगा गेल्यात. इंजिन खोलावं लागेल."

ज्याला गाडीतलं फारसं कळत नाही, त्याच्यापुढे इथे दोनच रस्ते उरतात. हो म्हणायचं आणि ब्लॉक-पिस्टनचा खर्च अंगावर घ्यायचा. किंवा नाही म्हणायचं आणि पुढचे सहा महिने प्रत्येक चढाला इंजिनचा आवाज कान देऊन ऐकत बसायचं.

खरं तर रिंगा हे या प्रकरणातलं एक कारण आहे, एकमेव नाही. त्याच्या आधी तपासायच्या तीन-चार गोष्टी अशा आहेत ज्यांना इंजिन उघडावं लागत नाही आणि खर्चही फार तर काही शे रुपयांचा असतो. त्या कोणत्या हे कळायला हवं असेल, तर हे ऑइल मुळात तिथे पोहोचतं कसं ते आधी समजून घ्यावं लागतं.

हवेच्या डब्यात ऑइलचं काय काम?

पेट्रोल आणि हवेचा स्फोट होतो पिस्टनच्या वर. पिस्टनच्या खाली असते क्रँक आणि तिच्या भोवतीची बंद जागा. पुस्तकात तिला क्रँककेस म्हणतात, गॅरेजमध्ये चेंबर. इंजिन ऑइल याच भागात असतं आणि क्रँक फिरताना ते सगळीकडे उडत असतं. चालू इंजिनच्या चेंबरमध्ये हवा कमी आणि ऑइलचं धुकं जास्त, असाच प्रकार असतो.

वरचा स्फोट खाली येऊ नये म्हणून पिस्टनला रिंगा असतात. पण रिंगेच्या दोन टोकांमध्ये बारीक फट ठेवावीच लागते, कारण लोखंड तापलं की पसरतं. त्यामुळे रिंगा कोऱ्या करकरीत असल्या तरी प्रत्येक स्फोटाला थोडा जळका वायू पिस्टनच्या बाजूने खाली निसटतो. यालाच ब्लो-बाय म्हणतात. नव्या शोरूम गाडीतही तो असतो.

दुसरी गोष्ट याहून मोठी आहे आणि तिच्याकडे फार कुणी लक्ष देत नाही. पिस्टन खाली येतो तेव्हा तो खालची हवा दाबतो. जुन्या ३५० सीसी बुलेटचं उदाहरण घ्या. तिचं नेमकं माप ३४६ सीसी. म्हणजे पिस्टन एकदा खाली आला की चेंबरमधली साधारण एक तृतीयांश लिटर जागा कमी होते. वर गेला की तेवढीच जागा परत मिळते. इंजिन ३,००० आरपीएमवर फिरत असेल तर हे सेकंदाला ५० वेळा होतं. सिंगल सिलेंडर इंजिनचं चेंबर हे चालू असताना एखाद्या सायकलच्या पंपासारखं वागत असतं.

या हवेला बाहेर जायला वाट दिली नाही तर ती स्वतः वाट शोधते. ऑइल सील बाहेर ढकलले जातात, पॅकिंगमधून ऑइल झिरपायला लागतं. म्हणून प्रत्येक फोर-स्ट्रोक इंजिनला श्वास सोडायला एक नळी असते. तिचं नाव ब्रीदर पाइप. या पाइपचं दुसरं टोक जोडलेलं असतं एअर फिल्टरच्या डब्याला.

आता चेंबरमधली हवा ऑइलच्या धुक्यासकट या पाइपमधून वर येणार, डब्यात आल्यावर थंड होणार आणि थेंब होऊन तळाशी बसणार. डब्यात सापडतं ते हे ऑइल. काटेकोर बोलायचं तर ब्लो-बाय हे वायूचं नाव आहे आणि ऑइल हे त्याच्या पाठीवर बसून आलेलं सामान. हा फरक शाब्दिक वाटतो, पण गॅरेजमधली निम्मी गल्लत इथेच होते. ऑइल जास्त आलं म्हणजे वायू जास्त निसटतोय असं होत नाही. वायू नेहमीएवढाच असतो, पण उचलून न्यायला चेंबरमध्ये ऑइलच जास्त असतं. असंही होऊ शकतं.

पाइप डब्याला जोडायची कल्पना कुणाची?

पूर्वी ही नळी सरळ हवेत सोडलेली असायची. जुन्या मोटारींना खाली रस्त्याच्या दिशेने एक पाइप असे. ब्रिटिश बनावटीच्या जुन्या मोटरसायकलींमध्ये तर ब्रीदरमधून उडणारं ऑइल मागच्या चेनवर पडेल अशी सोय असायची. इंजिन ऑइल फेकणारच आहे, तर निदान चेनला तरी मिळू दे, असा सरळ हिशोब.

मग लॉस एंजेलिसचं धुरकं आलं. १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला कॅलिफोर्निया इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीमधले डच वंशाचे रसायनशास्त्रज्ञ आरी हागेन-स्मिट यांनी दाखवून दिलं, की शहरावर बसणारं ते डोळे चुरचुरवणारं धुरकं न जळलेल्या इंधनाच्या वाफा आणि नायट्रोजन ऑक्साइड यांच्यावर ऊन पडून तयार होतं. त्यानंतर या वाफा गाडीतून कुठून कुठून बाहेर पडतात याचा शोध सुरू झाला. सायलेन्सर तर होताच, पण चेंबरची ही नळीही मोठी गुन्हेगार निघाली. मोटारीतून बाहेर पडणाऱ्या हायड्रोकार्बनचा साधारण पाचवा हिस्सा तिच्यातून जात होता.

उपाय फारच साधा होता. नळी बाहेर सोडण्याऐवजी इंजिनच्या तोंडाकडे वळवायची, म्हणजे त्या वाफा परत आत जाऊन जळतील. १९६१ साली कॅलिफोर्नियाने नव्या मोटारींसाठी ही पद्धत आणायचा निर्णय घेतला. अमेरिकेत वाहनांच्या प्रदूषणावर सक्तीने आणलेलं हे पहिलं तंत्र मानलं जातं. पुढे १९७० च्या दशकाच्या अखेरीस तिथे मोटरसायकलींनाही प्रदूषणाचे नियम लागू झाले. भारतातही आज बीएस ६ च्या मान्यता चाचण्यांमध्ये चेंबरमधला वायू बाहेर सोडायला परवानगी नाही.

म्हणजे एअर फिल्टरच्या डब्यात ऑइलचा अंश येणं हा त्या रचनेचाच भाग आहे. डब्याच्या तळाशी एक छोटी रबरी नळी आणि तिच्या टोकाला बूच असतं, ते याचसाठी. होंडाच्या मॅन्युअलमध्ये ही नळी वेळोवेळी रिकामी करा असं स्पष्ट लिहिलेलं असतं. पावसात जास्त चालवली, सतत फुल थ्रॉटल चालवली, गाडी धुतली किंवा पडली, तर आणखी लवकर करा असंही. गंमत म्हणजे ही नळी कुठे आहे हे दहा-दहा वर्षं गाडी वापरणाऱ्यांनाही माहीत नसतं.

पॅन्टवर डाग पाडणारी हार्ले

या विषयावर जगात सगळ्यात जास्त डोकं कुणी खाजवलं असेल तर ते हार्ले-डेव्हिडसनच्या मालकांनी. एअर बॉक्स हा शब्द सगळीकडे चालतो, पण हार्लेवाले एअर क्लीनर म्हणतात, आणि तो त्यांच्या गाडीत इंजिनच्या उजव्या अंगाला, मालकाच्या गुडघ्यापाशी, चकचकीत क्रोमच्या झाकणाखाली असतो. तिथून ऑइल गळायला लागलं तर ते लपून राहत नाही. आधी क्रोमवर ओघळ दिसतो, मग इंजिनवर आणि शेवटी उजव्या पायाच्या पॅन्टवर.

हार्लेला हा त्रास जास्त का? एक कारण इंजिनच्या घडणीत आहे. हार्लेच्या व्ही-ट्विनमध्ये दोन सिलेंडर ४५ अंशांच्या कोनात असतात आणि दोन्हीचे कनेक्टिंग रॉड क्रँकच्या एकाच पिनवर बसलेले असतात. त्यामुळे दोन्ही पिस्टन जवळपास बरोबरच खाली येतात आणि बरोबरच वर जातात. इतर काही ट्विन इंजिनांत एक पिस्टन खाली येताना दुसरा वर जातो, खालची हवा इकडून तिकडे सरकते आणि हिशोब मिटतो. इथे तसं नाही. १९९९ च्या ट्विन कॅम ८८ इंजिनचं माप साधारण १,४५० सीसी. एवढा मोठा पंप बुलेटच्या चौपट हवा ढकलतो.

दुसरं कारण वाटेचं. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला हार्लेने मोठ्या इंजिनांच्या ब्रीदरची वाट बदलली. चेंबरची हवा सिलेंडर हेडपर्यंत वर न्यायची, तिथे छत्रीच्या आकाराच्या छोट्या रबरी व्हॉल्व्हमधून जाऊ द्यायची आणि पोकळ बोल्टमधून थेट एअर क्लीनरमध्ये सोडायची. हेच बोल्ट एअर क्लीनरची प्लेटही धरून ठेवतात. वर चढता चढता ऑइल वेगळं होऊन खाली परतेल हा त्यामागचा विचार. बहुतेक वेळा तसं होतंही. पण ती रबरी छत्री वर्षानुवर्षं तापून कडक झाली, तिची कड नीट टेकेनाशी झाली, की ऑइल अडवणारं कुणी राहत नाही.

हार्लेचे जुने मालक यावर जो पहिला उपाय करतात तो ऐकायला फारच किरकोळ वाटतो. ऑइल टाकीच्या काडीवर वरच्या रेषेपर्यंत काठोकाठ भरायचं नाही, दोन रेषांच्या मधे ठेवायचं. बऱ्याच गाड्यांचं गळणं एवढ्यावर आटोक्यात येतं. नाही आलं तर छत्री व्हॉल्व्ह बदलायचे. वस्तू स्वस्त आहे, मजुरी मात्र लागते, कारण वरची झाकणं उघडावी लागतात. हे दोन्ही करूनही थांबलं नाही, तरच पुढच्या शंका घ्यायच्या.

स्वस्त गोष्ट आधी आणि इंजिन शेवटी, हा क्रम महत्त्वाचा आहे. तो बुलेटलाही लागू पडतो आणि शाइनलाही.

जुनी बुलेट महिनाभर उभी राहिली की

हार्लेचं आणि जुन्या कास्ट आयर्न बुलेटचं एक नातं आहे. दोन्ही ड्राय सम्प. म्हणजे ऑइलचा साठा वेगळ्या जागी असतो. पंप ते इंजिनला पुरवतो आणि खाली पडलेलं ऑइल दुसरा पंप उचलून परत साठ्यात टाकतो. बुलेटमध्ये हा साठा इंजिनच्याच आवरणात, पण वेगळ्या कप्प्यात असतो.

पंप झिजलेला असेल आणि गाडी तीन-चार आठवडे उभी राहिली, तर साठ्यातलं ऑइल हळूहळू क्रँकच्या कप्प्यात उतरतं. मग रविवारी राइडला निघायचं म्हणून मालक काडी काढून बघतो. काडी कोरडी. घाबरून तो अर्धा लिटर ऑइल ओततो. किक मारतो. गाडी सुरू होते आणि ब्रीदरमधून ऑइलची चूळ भरल्यासारखी बाहेर येते. इंजिनमध्ये काहीच बिघडलेलं नसतं. ऑइल सगळं आतच होतं, फक्त दुसऱ्या खोलीत बसलेलं. अशा गाडीला आधी काही मिनिटं चालू ठेवायचं, ऑइल साठ्यात परत येऊ द्यायचं आणि मगच काडी बघायची.

२००८ नंतर आलेल्या यूसीई इंजिनच्या बुलेट, क्लासिक, थंडरबर्डमध्ये हा वेगळा साठा गेला आणि काडीऐवजी उजव्या बाजूला काचेची छोटी खिडकी आली. सोय झाली, पण एक नवीन घोळही झाला. साइड स्टँड असतो डावीकडे. गाडी साइड स्टँडवर उभी असेल तर उजवी बाजू उचललेली असते आणि ऑइल डावीकडे सरकतं. खिडकीत ऑइल कमी दिसतं किंवा दिसतच नाही. मग वरून ओतलं जातं. गाडी सरळ केली की कळतं, खिडकी पूर्ण भरली आहे. हे वरचं ऑइल क्रँकच्या मारात येतं, फेसाळतं आणि ब्रीदरने थेट एअर फिल्टर गाठतं.

पल्सरसारख्या खिडकीवाल्या इतर गाड्यांतही हेच होतं. लहान गाड्यांची तऱ्हा आणखी वेगळी. १०० ते १२५ सीसीच्या बऱ्याच गाड्यांना ऑइल बदलताना पूर्ण लिटर लागत नाही. बाटल्या ८०० मिली, ९०० मिली आणि १ लिटर अशा सगळ्या मिळतात. दुकानात लिटरची बाटली हाताला लागली, तर उरलेलं शंभर-दोनशे मिली घरी कोण नेणार, म्हणून तेही गाडीतच जातं. जास्त ऑइल म्हणजे इंजिनला जास्त आराम, असा एक समज आपल्याकडे पक्का आहे. इंजिनला तो मान्य नाही.

मग तपासायचं कसं?

सगळ्यात आधी, दिसतंय ते खरंच बाहेरून आलेलं ऑइल आहे का ते बघा. होंडा आणि हिरोच्या अनेक गाड्यांत कागदी फिल्टर कारखान्यातूनच एका चिकट द्रवात भिजवून येतो. धूळ पकडायला त्याची मदत होते. असा फिल्टर हाताला तेलकट लागणारच. त्याला पेट्रोलने धुणं किंवा कॉम्प्रेसरची हवा मारणं म्हणजे चांगला फिल्टर वाया घालवणं. पुन्हा धुऊन वापरायचे जे बाजारातले कापडी फिल्टर असतात, त्यांना ऑइल लावताना हात सैल सुटला तरी डबा ओला होतो. आरएक्स १०० किंवा येझदीसारख्या टू-स्ट्रोक गाड्यांचा हा विषयच नाही, त्यांच्या चेंबरमधून ताजं पेट्रोल-ऑइलचं मिश्रण जात असतं आणि त्यांना असा ब्रीदर नसतो.

ब्रीदर पाइपच्या तोंडाशी ऑइलचा ओघळ असेल तर मात्र ते चेंबरमधूनच आलंय. आता पातळी बघायची. इंजिन काही मिनिटं चालू ठेवायचं, बंद करायचं, ऑइल खाली उतरायला पाचेक मिनिटं द्यायची आणि सपाट जागेवर मेन स्टँडवर बघायचं. मेन स्टँड नसेल तर दुसऱ्या कुणाला तरी गाडी सरळ धरून ठेवायला सांगायचं. काडीवाल्या गाड्यांमध्ये काही ठिकाणी काडी नुसती टेकवून बघायची असते, काही ठिकाणी आटे फिरवून. हे अंदाजाने ठरवू नका, मॅन्युअलमध्ये एका ओळीत लिहिलेलं असतं.

पातळी वरच्या खुणेच्या वर असेल तर जास्तीचं ऑइल काढा. काढताना त्याचा वास घ्या. पेट्रोलचा वास येत असेल तर प्रकरण वेगळं आहे. कार्ब्युरेटरची फ्लोट सुई गळत असेल आणि मालक पेट्रोलचा कॉक बंद करत नसेल, तर उभ्या गाडीत पेट्रोल झिरपून चेंबरमध्ये जातं. ऑइल पातळ होतं आणि पातळी आपोआप वाढलेली दिसते. न ओतता वाढलेलं ऑइल ही आनंदाची बातमी नसते. अशी गाडी चालवायची नाही. आधी सुई, मग नवं ऑइल.

पातळी बरोबर असेल तर पाइप. तो कुठे मुडपलाय का, आत गाळ साचून अरुंद झालाय का, पाइपच्या वाटेत ऑइल वेगळं करणारी छोटी डबी असेल तर तिचा परतीचा मार्ग तुंबलाय का, ब्रीदरला व्हॉल्व्ह असेल तर तो कडक झालाय का. एक सूचना, डब्याला जोडलेला प्रत्येक पाइप ब्रीदर नसतो. बऱ्याच गाड्यांत एक पाइप हवा घेऊन एक्झॉस्टकडे जातो, त्याला हात लावायची गरज नाही.

पावसाळ्यात पाइपमध्ये किंवा डब्यात दुधाळ, पिवळसर फेस सापडतो. बघून धडकी भरते, कारण इंजिनमध्ये पाणी गेलं असं वाटतं. घर ते स्टेशन दोन किलोमीटर, स्टेशन ते घर दोन किलोमीटर असा वापर असेल तर इंजिन पूर्ण तापतच नाही. जळणातून तयार होणारी पाण्याची वाफ आतच थंड होते आणि ऑइलमध्ये घुसळली जाते. आठवड्यातून एकदा गाडी अर्धा-पाऊण तास सलग चालवली की हा फेस बहुतेक वेळा जातो. पुराच्या पाण्यातून गाडी काढली असेल किंवा लिक्विड कूल्ड गाडीतलं कूलंट कमी होत असेल, तर मात्र हा फेस गांभीर्याने घ्यायचा.

वापराचाही भाग असतोच. पुणे-कोल्हापूर हायवेवर तासन्‌तास शंभरच्या पुढे पिळलेली सिंगल सिलेंडर गाडी शहरात फिरणाऱ्या गाडीपेक्षा जास्त ऑइल वर फेकणार. गाडी पडली असेल तर त्या एका पडण्यातही डब्यात ऑइल जाऊ शकतं.

हे सगळं बघून झालं की डबा आतून पुसून कोरडा करा, तळाची नळी रिकामी करा, ऑइलने भिजलेला कागदी फिल्टर बदला, फ्युएल इंजेक्शनची गाडी असेल तर थ्रॉटल बॉडी साफ करून घ्या. ऑइल पातळी बरोबर ठेवा, किलोमीटर लिहून ठेवा आणि पाचशे किलोमीटर चालवून डबा पुन्हा उघडा. आत नुसता पातळ तेलकट थर असेल तर गाडी ठणठणीत आहे. पुन्हा तळं साचलं असेल आणि तेवढ्यात ऑइलची पातळीही उतरली असेल, तर आता रिंगांचा विषय काढायला हरकत नाही.

दुर्लक्ष करून चालणार नाही, हेही खरं. ऑइलने तुंबलेला फिल्टर हवा अडवतो, अॅव्हरेज आणि पिकअप दोन्ही पडतात. आत जाणारं ऑइल थ्रॉटलच्या पाकळीवर चिकटतं, त्यामुळे आयडलिंग वरखाली होतं. व्हॉल्व्हवर काजळी बसते. आणि पेट्रोलबरोबर ऑइलची वाफ जळायला लागली की इंजिन नॉक करण्याची शक्यता वाढते.

पाइप बाहेर काढून सोडला तर?

यावर सगळीकडे मिळणारा सल्ला एकच. ब्रीदर पाइप डब्यातून उपटा, त्याच्या टोकाला मशरूमसारखा छोटा फिल्टर लावा, कटकट मिटली. दिसायलाही भारी दिसतं.

कटकट मिटत नाही, ती जागा बदलते. पिस्टन वर जातो तेव्हा चेंबर हवा आत ओढतं. तो स्वस्तातला मशरूम धूळ आणि पावसाचं पाणी किती अडवणार, हा प्रश्न आहे. तो ऑइलने भिजला की थेंब टाकायला लागतो. पाइप मागे सोडला असेल तर हे थेंब मागच्या टायरवर पडतात आणि पुढच्याच वळणावर गाडी घसरू शकते. त्यात एअर बॉक्सला उघडं राहिलेलं भोक बुजवायचं राहिलं, तर इंजिन तिथून धूळ खातं. ती धूळ रिंगा झिजवते आणि ज्या खर्चाला घाबरून हे केलं, तोच खर्च समोर येऊन उभा राहतो.

पीयूसीमध्ये हे पकडलं जात नाही, कारण तिथे सळई सायलेन्सरमध्ये घालतात, ब्रीदरकडे कुणी बघत नाही. पण म्हणून ते कायद्यात बसतं असं नाही. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ गाडीत कंपनीच्या मूळ रचनेपेक्षा वेगळे बदल करण्यावर बंधन घालतं.

रेसिंगवाले असंच करतात, हा युक्तिवादही होतो. तो उलटा आहे. आंतरराष्ट्रीय मोटरसायकल महासंघाच्या रोड रेसिंगच्या नियमांत ब्रीदर बंदच हवा आणि त्याचं तोंड एअर बॉक्समध्येच हवं असं लिहिलेलं आहे. ट्रॅकवर पडलेला ऑइलचा एक डाग मागून येणाऱ्या सगळ्यांना आडवा करू शकतो, हे त्यांना अनुभवाने माहीत आहे.

पाइप बूच लावून बंद करणं हा तर सगळ्यात वाईट उपाय. मग ऑइल सील आणि पॅकिंग बाहेर येणार, हे ठरलेलं.

कॅच कॅन हा त्यातल्या त्यात शहाणा मार्ग. ब्रीदर आणि एअर बॉक्स यांच्यामध्ये एक छोटा डबा बसवायचा. आत आडवे पडदे किंवा जाळी असते, ऑइल तिथे अडकून खाली साचतं आणि वायू पुढे एअर बॉक्समध्ये जातो. जुन्या बुलेटला अशी डबी कंपनीकडूनच येत होती. मात्र दोन अटी आहेत. डब्याचं दुसरं तोंड परत एअर बॉक्सलाच जोडायचं, हवेत सोडायचं नाही. आणि डबा वेळेवर रिकामा करायचा. भरलेला कॅच कॅन असला काय नि नसला काय, सारखंच. पण ऑइलची पातळी चुकलेली असताना कॅच कॅन लावणं म्हणजे छत दुरुस्त न करता गळतीखाली बादली ठेवणं.

रिंगा खरंच गेल्या असतील तर

ते कळायलाही इंजिन उघडावं लागत नाही. वेग वाढवताना सायलेन्सरमधून निळसर धूर सतत येत असेल, ऑइल दर थोड्या दिवसांनी कमी होत असेल आणि चढाला दम निघत नसेल, तर शंका पक्की होत जाते. सकाळी सुरू करताना तेवढ्यापुरता निळा भपकारा येऊन थांबत असेल, तर मात्र व्हॉल्व्ह सीलवर संशय घ्यायचा. ते काम हेडपुरतं असतं, ब्लॉकला हात लागत नाही. नवीन गाडी असेल किंवा ब्लॉक नुकताच बदललेला असेल, तर रिंगा बसायला पहिले काहीशे किलोमीटर द्यावे लागतात, तोवर ब्लो-बाय थोडा जास्तच असतो.

खात्री करायला कॉम्प्रेशन टेस्ट आहे. स्पार्क प्लगच्या जागी गेज लावायचा, थ्रॉटल पूर्ण उघडून इंजिन फिरवायचं आणि आकडा कंपनीच्या आकड्याशी ताडायचा. कमी आला तर प्लगच्या भोकातून चमचाभर ऑइल आत सोडून पुन्हा मोजायचं. ओतलेलं ऑइल रिंगांची फट तात्पुरती बुजवतं. दुसऱ्यांदा आकडा चांगला वाढला तर रिंगा किंवा बोअर झिजलंय. वाढला नाही तर गळती व्हॉल्व्हमधून आहे.

याहून नेमकी लीक-डाउन टेस्ट. पिस्टन सगळ्यात वर आणून, दोन्ही व्हॉल्व्ह बंद असताना, प्लगच्या भोकातून दाबाची हवा सोडायची आणि ती कुठून फुसफुसते ते कान लावून ऐकायचं. सायलेन्सरमधून आवाज आला तर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह. थ्रॉटल बॉडीतून आला तर इनटेक. ऑइल भरायच्या तोंडातून किंवा ब्रीदर पाइपमधून जोराची हवा आली तर रिंगा. अगदी चांगल्या इंजिनमध्येही इथून थोडी हवा येते, त्यामुळे नुसत्या आवाजावर जाऊ नका, गेजवर किती टक्के गळती दिसते ते विचारा.

रिंगांवर शिक्का बसला आणि ब्लॉक उतरवायचं ठरलं, तर बोअरचं माप तुमच्यासमोर घ्यायला सांगा. माप कंपनीने दिलेल्या मर्यादेत असेल तर नुसत्या रिंगांवर भागू शकतं. मर्यादेबाहेर असेल तर बोअर करून मोठ्या मापाचा पिस्टन टाकायचा की नवीन ब्लॉक-पिस्टनचा सेट घ्यायचा, हे तुमच्या गाडीला सुटे भाग कोणते मिळतात त्यावर ठरतं. आणि जुना पिस्टन, रिंगा परत मागून घ्या.